काळा माणूस अध्यक्ष झाला, मग जमिनीचं काय?

(फेब्रुवारी २००९ मध्ये अंबरनाथ तालुक्यातल्या वाड्या-पाड्यांचं एक दिवसाचं शिबीर झालं. तिथं दुपारच्या बैठकीत केलेलं हे भाषण. जी माणसं वीटभट्टीवर असल्यानं येऊ शकली नाहीत त्यांना वाचून दाखवावं म्हणून छापलं आहे.)



जेवणं झाली आहेत, ऊन चढलं आहे, डोळे मिटणार हे आम्हाला माहीत आहे. ज्याला झोप येईल त्यानं उठून मागं उभं राहावं, कुणी हसणार नाही. बाया मागं बसल्यात, त्यांनी पुढं सरका. पुढची जागा सोडून भिंतीला टेकायची सवय आपल्याला ग्रामसभेत लागली आहे, ती इथं नको.

आजचा विषय लांबचा वाटेल. अमेरिकेतल्या काळ्या लोकांनी संघटना कशी बांधली, हा विषय आहे. तो आम्ही पुस्तकातनं नाही काढला, तो एका आजीनं काढला.

गेल्या महिन्यात २० जानेवारीला बराक ओबामाचा शपथविधी झाला. आमच्या वाडीत एकाच घरी टीव्ही आहे, तिथं सगळे जमलो होतो. आजी म्हणाली, "ह्यो आपल्यासारखाच दिसतो, कुणाचा पोर?" आम्ही पोरं हसलो. सांगितलं, आजी, हा अमेरिकेचा अध्यक्ष झाला, काळ्या लोकांतला पहिला. त्यांच्या आज्या-पणज्यांना आफ्रिकेतनं बोटीत घालून आणलं होतं, बाजारात विकलं होतं. आता त्यांचं राज्य आलं. आजीनं जरा वेळ टीव्हीकडं बघितलं आणि विचारलं, "मंग त्यांच्या जमिनी मिळाल्या का त्यांना?"

कुणाला उत्तर देता आलं नाही. बारावीपर्यंत शिकलेले आम्ही तिघं-चौघं होतो, पण हे आम्हाला कुणी शिकवलं नव्हतं. मग संघटनेच्या अभ्यासवर्गात विचारलं, पुस्तकं मागवली, रात्री बसून वाचली. जे समजलं ते सांगतो.

आजीच्या प्रश्नाचं उत्तर आधी सांगून टाकतो. नाही मिळाल्या. ज्या मिळाल्या होत्या त्याही गेल्या.

तिकडं १८६५ साली गुलामी संपली. ज्यांनी दोनशे वर्षं दुसऱ्याचा कापूस वेचला ते मोकळे झाले, पण हातात काय? त्या वर्षी जानेवारीत सरकारच्या एका सेनापतीनं हुकूम काढला की समुद्रकाठच्या पट्ट्यात काळ्या कुटुंबांना चाळीस-चाळीस एकरांपर्यंत जमीन द्यायची. हजारो कुटुंबं तिथं जाऊन राहिली, पेरणी केली. वर्ष पुरं व्हायच्या आत अध्यक्ष बदलला, हुकूम फिरला, आणि जमीन परत त्याच जुन्या मालकांना दिली. मग काळ्या लोकांना त्याच मालकांची शेतं वाट्यानं करावी लागली. बी मालकाचं, खत मालकाचं, दुकान मालकाचं, हिशोबाची वही पण मालकाची. वर्षाच्या शेवटी वही उघडायची तर अंगावर कर्जच निघायचं. खावटी उचलून भात घातलेल्या आपल्या म्हाताऱ्यांना हे समजावून सांगायची गरज नाही.

तरीपण त्या लोकांनी पैसा-पैसा जमवून जमिनी घेतल्या. १९१० च्या सुमाराला त्यांच्याकडं दीड कोटी एकरांच्या आसपास जमीन होती. नंतरच्या साठ-सत्तर वर्षांत त्यातली बहुतेक गेली. काही कर्जात गेली, काही पट्टी थकली म्हणून लिलावात गेली, काही धमकावून काढून घेतली. आणि पुष्कळ जमीन गेली ती कागद नव्हता म्हणून. आजा मेला, नावावर चढवलं नाही, दहा वारस झाले, त्यातला एक वकिलानं फोडला. सरकारी कर्ज गोऱ्या शेतकऱ्याला वेळेवर मिळायचं आणि काळ्याला पेरणी होऊन गेल्यावर. यावर त्यांनी सरकारच्या शेती खात्यावर कोर्टात दावा लावला. तो १९९९ साली मिटला, सरकारला भरपाई कबूल करावी लागली. पण गेलेलं शेत परत आलं नाही.

तेव्हा टीव्हीवर दिसलं त्यावरून भुलू नका. वर एक माणूस बसला म्हणजे खाली सगळ्यांचं झालं, असं तिकडं नाही आणि इकडंही नाही. आपल्याला तर हे अगोदरच कळायला पाहिजे. घटना लागू झाल्यापासून आपल्यासाठी विधानसभेत, लोकसभेत राखीव जागा आहेत. आपल्या जिल्ह्यातनं आदिवासी आमदार किती वेळा गेले. तरी आपली दळी, आपले एकसाली प्लॉट अजून जंगल खात्याच्या नावावर आहेत, आणि गार्ड आला की कोंबडी लपवावी लागते. आम्ही आमदारांना शिव्या द्यायला उभे नाही. त्यातले काही चांगले होते. पण एकटा माणूस चांगला असून काय करणार? त्याच्या मागं पाडा उभा नसेल तर त्याला मुंबईत कोण विचारतं?

मग तिकडं जे थोडंफार झालं ते कसं झालं, ते आता ऐका. त्यातल्या दोन बायांचं सांगणार आहोत.

मिसिसिपी नावाचं राज्य आहे, कापसाचं. तिथं फॅनी लू हेमर म्हणून बाई होती. वीस भावंडांतली सगळ्यात धाकटी. सहा वर्षांची असल्यापासून कापूस वेचत होती. १९६२ साली तिचं वय चव्वेचाळीस. त्या ऑगस्ट महिन्यात गावच्या चर्चमध्ये एक सभा झाली, बाहेरगावची तरुण पोरं आली होती. तिथं तिला पहिल्यांदा समजलं की काळ्या माणसाला मत देता येतं. कायदा किती जुना होता? काळ्यांच्या मताचा हक्क १८७० पासून घटनेत लिहिलेला होता, बायांचा १९२० पासून. कागदावर हक्क आणि बाईला पत्ता नाही. आपल्या वनहक्क कायद्याचं नाव इथं किती जणांनी गेल्या वर्षाच्या आधी ऐकलं होतं? हात वर करा. बघा.

तर ३१ ऑगस्टला अठरा माणसं एक जुनी बस करून तालुक्याच्या गावी नाव लावायला गेली. कारकुनानं परीक्षा घेतली. राज्याच्या घटनेतलं एक कलम पुढं ठेवलं आणि म्हणाला, याचा अर्थ लिही. पास कोण, नापास कोण, ते तोच ठरवणार. गोऱ्यांना ही परीक्षा जवळपास नव्हतीच. ती नापास झाली. संध्याकाळी घरी आली तर मालकानं निरोप ठेवलेला की नाव मागं घे नाहीतर मळा सोड. अठरा वर्षं तिनं त्या मळ्यावर काम केलं होतं. तिनं सांगितलं की मी माझ्यासाठी नाव लावायला गेले होते, तुमच्यासाठी नाही. त्याच रात्री ती बाहेर पडली.

पुढच्या वर्षी जानेवारीत ती परत परीक्षेला बसली आणि पास झाली. जूनमध्ये एका गावच्या तुरुंगात तिला इतकं मारलं की जन्मभर त्याचं दुखणं राहिलं. पण ती गावोगाव फिरली, गाणी म्हणून सभा भरवल्या, कारण भाषणाला भिणारी माणसं गाण्याला येतात. अशा शेकडो गावांतल्या हजारो माणसांच्या रेट्यानं १९६५ साली मताचा नवा कायदा झाला. लोक आधी उभे राहिले आणि कायदा मागनं आला.

नाव लावून ती थांबली नाही. मत देणाऱ्याला मालक कामावरनं काढतो, घरातनं काढतो, मग पोरं उपाशी. म्हणून १९६९ साली तिनं देणग्या गोळा करून चाळीस एकर जमीन घेतली आणि सगळ्यांची मिळून शेती सुरू केली. डुकरांची बँक काढली. कुटुंबाला एक मादी द्यायची, पिल्लं झाली की त्यातली काही बँकेला परत, ती पुढच्या कुटुंबाला. आपल्याकडं शेळ्यांचं असं करता येईल का, यावर दोन वाड्यांनी विचार करावा असं आमचं म्हणणं आहे. पोटाला आधार नसलेला माणूस मालकासमोर किती दिवस ताठ राहील? वीटभट्टीची उचल घेतलेल्या माणसाला विचारा.

दुसरी गोष्ट माँटगोमेरी शहराची. ती मार्टिन ल्यूथर किंगमुळं सगळ्यांना माहीत असते, शाळेत धडा असतो. बसमध्ये गोऱ्यासाठी जागा सोडायची नाही म्हणून रोझा पार्क्स बाईंना १ डिसेंबर १९५५ ला अटक झाली आणि काळ्या लोकांनी बसवर बहिष्कार घातला. धड्यात पुढं किंगसाहेबांचं भाषण येतं. पण मधली एक रात्र धड्यात नसते. जो अ‍ॅन रॉबिन्सन म्हणून कॉलेजात शिकवणारी बाई होती, तिथल्या बायांच्या मंडळाची पुढारी. अटकेची बातमी कळल्यावर ती रात्री कॉलेजात गेली आणि पहाटेपर्यंत सायक्लोस्टाइल मशीनवर हजारो पत्रकं काढली. होय, हीच शाईनं हात काळे करणारी मशीन, जिच्यावर आपलं हे पत्रक निघतं. सकाळी पत्रकं शाळांत, दुकानांत, चर्चमध्ये पोचली. बायांच्या मंडळानं पत्रकं कुणी कुठं वाटायची हे आधीपासून ठरवून ठेवलेलं होतं, म्हणून हे झालं. किंगसाहेब त्यानंतर आले. तेव्हा ते सव्वीस वर्षांचे होते, त्या शहरात नवीन होते.

बहिष्कार ३८१ दिवस चालला. मोलकरणी रोज मैलोन् मैल चालत गेल्या. गाडी असलेल्यांनी माणसं वाहिली, पेट्रोलला पैसे लागले. जॉर्जिया गिल्मोर नावाची स्वयंपाकीण होती, तिनं आणि तिच्या मैत्रिणींनी जेवण, गोड पाव करून विकलं आणि दर आठवड्याला ते पैसे सभेत आणून दिले. कुठनं आले विचारलं तर सांगायच्या, कुठनंच नाही. कारण नाव कळलं तर मालकीण कामावरनं काढेल. बदलापूर स्टेशनच्या रस्त्यावर शेवळं, कंटोळी, करवंदं घेऊन बसणाऱ्या आपल्या मावश्या इथं आहेत. त्यांच्या टोपलीतनं एक वाटा संघटनेला आला तर तालुक्याला जायचं गाडीभाडं सुटेल. आम्ही जबरदस्ती करत नाही. गिल्मोरबाईवर पण कुणी केली नव्हती.

आणि ओबामा? तो पण आधी हेच काम करत होता. १९८५ पासून तीन वर्षं शिकागो शहराच्या दक्षिण भागात वस्त्यांत फिरून बैठका घ्यायचा. तिथल्या एका वस्तीत घरांच्या बांधकामात छातीला घातक असं अ‍ॅस्बेस्टॉस होतं, त्यावर लोकांना घेऊन अधिकाऱ्यांकडं गेला. मग तो शिकायला गेला आणि पुढं मोठा झाला. त्याच वस्तीत हेझल जॉन्सन म्हणून विधवा बाई होती. तिचा नवरा फुप्फुसाच्या कॅन्सरनं गेलेला. वस्तीच्या चारी बाजूला कारखाने आणि कचऱ्याचे डोंगर. तिनं घरोघर जाऊन वहीत लिहिलं, कुणाला खोकला, कुणाला दमा, कुणाला अंगावर चट्टे. ती ओबामाच्या आधी हे करत होती आणि तो गेल्यावरही करत राहिली. आपल्या एमआयडीसीच्या बाजूला राहणाऱ्यांनी, वालधुनीचं पाणी बघणाऱ्यांनी हे नाव लक्षात ठेवावं. टीव्हीवर ती दिसली नाही.

आता कुणी म्हणेल, हे सगळं गोऱ्यांच्या देशातलं, आपल्याकडं कुठं असं? तर आपल्याकडं त्यांच्याही आधी झालं आहे, आणि लोकलनं जाता येईल इतकं जवळ. टिटवाळा. आपण तिथं गणपतीला जातो. जानेवारी १९४५ मध्ये तिथं किसान सभेची परिषद भरली. शामराव आणि गोदावरी परुळेकर यांनी ती भरवली. तिकडनं उंबरगाव तालुक्यातले थोडे वारली आले होते, माह्या धांगडा त्यांच्यात होते. तेव्हा वारल्यांना सावकाराची वेठ होती. लग्नासाठी कर्ज घेतलं की नवराबायको दोघं जन्माचे गडी, त्यांना लग्नगडीच म्हणायचे. त्या थोड्या माणसांनी टिटवाळ्याला ऐकलं की वेठ कायद्यात बसत नाही, नाही म्हणता येतं. परत जाऊन त्यांनीच पाड्यापाड्यावर सांगितलं. चार महिन्यांनी, मे महिन्यात, झरी गावाला सभा झाली तर हजारो वारली जमले. वेठ बंद झाली, लग्नगडी सुटले. मग पाचशे पौंड गवत कापायला अडीच रुपये मागून संप केला. १० ऑक्टोबर १९४५ ला तलवाड्याला पोलिसांनी गोळ्या घातल्या. पाच माणसं गेली, जेठ्या गांगड त्यातले. परुळेकरांना जिल्ह्यात यायला बंदी घातली. सावकारांना वाटलं आता बाई नाही तर वारली मोडतील. मोडले नाहीत. ठरलं होतं ते पाड्यांवर ठरलं होतं, म्हणून बाईंना बंदी घातल्यानं ते पुसलं गेलं नाही.

सत्तरच्या सालात पालघरकडं काळूराम धोदडे यांच्या भूमिसेनेनं गावोगाव तरुण मंडळं काढली, तीही याच समजुतीनं. त्याच काळात, १९७२ ला, मुंबईत दलित पँथर झाली. नावच तिकडच्या ब्लॅक पँथरवरून घेतलं. म्हणजे ही ये-जा जुनीच आहे.

आता आपल्याकडं येऊ. इथं जास्त वेळ घेणार आहोत.

वनहक्काचा कायदा डिसेंबर २००६ ला झाला, नियम १ जानेवारी २००८ ला आले. १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून जो आदिवासी जंगलजमीन कसतो त्याचा हक्क मान्य करायचा, जास्तीत जास्त चार हेक्टर, म्हणजे दहा एकरांच्या जवळपास. पट्टा नवरा आणि बायको दोघांच्या नावावर. पोरांना वारसानं जाईल, विकता येणार नाही. हे शेवटचं बदलापूरच्या प्लॉटवाल्यांना नीट ऐकवा. जुन्या सातबाऱ्याच्या आपल्या जमिनीलाही जमीन महसूल कायद्यात ३६ अ आहे, परवानगीशिवाय बिगरआदिवासीला देता येत नाही. तरी साठेखत, कुलमुखत्यार, असली नावं घेऊन माणसं वाडीत येतातच. अंगठा देण्याआधी वाडीला दाखवा.

आपला अंबरनाथ तालुका अनुसूचित क्षेत्रात नाही. शहापूर आहे, मुरबाडचा काही भाग आहे, आपण नाही. म्हणून पेसा कायदा आपल्याला लागत नाही. वनहक्क कायदा मात्र लागतो, तो सगळ्या देशाला आहे. पण अडचण अशी की दावा जातो ग्रामसभेकडं, आणि ग्रामसभा खालच्या मोठ्या गावची. तिथं आपण थोडे. वाड्या वर डोंगराला, ग्रामसभा खाली देवळात. दवंडी वर येतच नाही.

एका गावात काय झालं ते ऐका, गावाचं नाव घेत नाही. गेल्या वर्षी वनहक्क समिती झाली. वाडीला पत्ता नाही. दोन महिन्यांनी आम्ही यादी बघितली तर त्यात वाडीतले दोघं होते, त्यांनाच माहीत नव्हतं की ते सभासद आहेत. त्यातला एक तर तेव्हा वीटभट्टीवर होता. सही कुणी केली? आम्हाला राग आला, भांडायला जाणार होतो. मग वाडी बसली. नियम वाचला. २००८ च्या त्या नियमात होतं की या ग्रामसभेला दोन-तृतीयांश माणसं हजर पाहिजेत. समितीत दहा ते पंधरा माणसं, त्यात एक-तृतीयांश तरी आदिवासी, एक-तृतीयांश तरी बाया. हजेरीची वही मागितली, त्यात सह्या किती हे मोजलं. दोन-तृतीयांशाच्या जवळपासही नव्हत्या. अर्ज लिहिला, वाडीतल्या सगळ्यांनी अंगठे-सह्या केल्या, प्रांतसाहेबांना दिला, पोच घेतली. तीन खेपा झाल्या. तिसऱ्या खेपेला एक बाई तान्हं मूल घेऊन टेबलासमोर खाली बसली आणि म्हणाली, तारीख मिळेपर्यंत उठत नाय. तारीख मिळाली.

त्या दिवशी वाडीतली सत्तरच्या वर माणसं उतरली. कंदील, बॅटऱ्या घेऊन, कारण परतायला रात्र होणार होती. खालचे लोक बघत राहिले. भांडण झालं नाही. नवीन समितीत वाडीचे पाच जण बसले, दोन बाया. आता दावे लिहायला सुरुवात झाली आहे. अजून एकाही पट्ट्याचं तोंड बघितलेलं नाही, खोटं कशाला सांगायचं. पण गार्ड आता वाडीत आला की समितीला विचारून येतो, एवढं झालं.

पुराव्याची भीती घालतात. साहेब म्हणतात, कागद आणा. नियमात लिहिलंय की एकापेक्षा जास्त पुरावे पाहिजेत, पण ते सगळे कागदच पाहिजेत असं नाही. रेशनकार्ड, मतदारयादी चालते. शेतातला बांध, ताल, विहीर, घर चालतं. जुनं देवाचं ठिकाण, मूठमातीची जागा चालते. दावेदार सोडून वाडीतल्या म्हाताऱ्या माणसाचा लिहून घेतलेला जबाब चालतो. आणि दंडाच्या पावत्या! जंगल खात्यानं तुमच्या बापाला जंगलात नांगर घातला म्हणून दंड केला असेल, पावती पत्र्याच्या डब्यात, आढ्याला खोचलेली असेल, ती आणा. तुमचा बाप त्या साली तिथं नांगर धरून होता हे खात्यानंच लिहून दिलंय. नांगर जप्त केल्याचा कागद असेल तोही आणा. दावा फेटाळला तर साठ दिवसांत वर अपील करता येतं. आणि दाव्याची तपासणी पुरी होईपर्यंत जमिनीवरनं काढता येत नाही, कायद्यातच आहे.

दाव्याला फी नाही. परत सांगतो, दाव्याला फी नाही. सध्या वाड्यांत मोटारसायकलवर फिरून सातबारा करून देतो म्हणून पैसे गोळा करणारे आले आहेत. लोकसभेची निवडणूक जवळ आली आहे, ते अजून वाढतील. कुणी आला तर त्याला घरात घेऊ नका, वाडीच्या मध्ये बसवा, सगळ्यांसमोर बोलू दे. मत मागायला येणाऱ्यालाही तिथंच बसवा. मुकादमाच्या हातनं मत देणं बंद.

एक गोष्ट कडू आहे, पण बोलली पाहिजे. आपल्यातले ठाकूर कातकऱ्यांना बरोबरीनं बसवत नाहीत. पाणी वेगळं, पंगत वेगळी, हे आज दुपारी इथंच आम्ही बघितलं. कातकऱ्याला स्वतःची घरठाणाची जागा पण बहुतेक नाही, दावा लिहिताना त्याचा दावा सगळ्यात शेवटी. तिकडं पण असंच होतं. शिकलेले काळे, चर्चचे पाद्री पुढं, आणि चालून चालून पाय सुजलेल्या मोलकरणी मागं. एला बेकर म्हणून एक वयस्कर बाई होती, किंगसाहेबांच्या कचेरीत काम केलेली. तिनं तोंडावर सांगितलं की एका पुढाऱ्याभोवती फिरू नका, खालच्या माणसाला बोलू द्या. १९६० साली तिनंच विद्यार्थ्यांना गोळा केलं, त्यांची वेगळी संघटना करायला मदत केली आणि स्वतः बाजूला बसली. हेमरबाईच्या गावात गेलेली तरुण पोरं त्याच संघटनेची. दोन-तृतीयांशाचा आकडा कातकरीवाडी सोडून भरतच नाही, हे ठाकूरवाड्यांनी मोजून बघावं. पण नुसतं आकड्यासाठी बोलावणार असाल तर ते येणार नाहीत, आणि आम्ही त्यांना या म्हणून सांगणार नाही.

आता काम. दिवाळीनंतर आपली अर्धी माणसं भट्टीवर असतात, पावसाच्या तोंडावर परत येतात. जानेवारी ते मे कुठलीही ग्रामसभा घ्या, आपण कमीच पडणार, आणि हे खालच्यांना चांगलं ठाऊक आहे. माणसं मध्ये एकदाच घरी येतात, शिमग्याला. म्हणून प्रत्येक गावात अर्ज द्यायचा की वनहक्काची ग्रामसभा शिमग्याच्या आठवड्यात घ्या. अर्ज येत्या सोमवारी, पोच घेऊन. कोण कुठल्या भट्टीवर आहे याची यादी आज इथंच करायची. निरोप द्यायला प्रत्येक वाडीतनं दोन जण, त्यात एक कातकरी पाहिजे, कारण भट्टीवाला ठाकराला आत सोडतो आणि कातकऱ्याला माणसं ओळखतात. उचल कापतील म्हणून जे भितील त्यांच्यावर चिडू नका, त्यांच्या दोन दिवसांच्या मजुरीचं काय करायचं ते वाडीनं ठरवा. मूठभर तांदळाचा डबा तीन वाड्यांत सुरू आहे, बाकीच्यांनी सांगावं.

म्हाताऱ्यांचे जबाब लिहायला आम्ही बसणार आहोत. पहिला जबाब त्या आजीचा घेतला. कुठलं शेत कुणाचं, कुठल्या साली कुणाला दंड झाला, कुठल्या आंब्याखाली कुणाचा नांगर जाळला, तिला सगळं पाठ आहे. सहा पानं झाली. अंगठा देताना म्हणाली, "त्या काळ्या लोकांनी पण असंच लिवलं का?" आम्ही म्हटलं, काहींनी लिहिलं, आजी. पुष्कळांचं राहून गेलं.

चहा येतोय. चहा झाला की वाड्यांप्रमाणं गोल करून बसा, वही-पेन आमच्याकडं आहे. आधी भट्ट्यांची यादी.